फाटकाआतले लेकरू, फाटकाबाहेरची आई

नांदेड/लातूर - मृग लागतो, पेरणीची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास नांदेड व लातूर या दोन्ही शहरांच्या वसाहतींत सकाळी एक आवाज ऐकू येऊ लागतो. शिशुवर्गाच्या फाटकाआडून येणाऱ्या रडण्याचा. नवा गणवेश, पाठीवर अंगापेक्षा मोठे दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली आणि दोन्ही हातांनी आईचा पदर घट्ट धरून ठेवलेले तीन वर्षांचे लेकरू. मावशी येते, पदर सोडवते, लेकराला उचलून आत नेते आणि फाटक लागते. बाहेर थांबलेल्या आईला सल्ला मिळतो, 'तुम्ही जा, तुम्ही दिसलात की ते जास्त रडते. आठ दिवसांत आपोआप गप्प बसेल.'

बहुतेक मुले आठ-पंधरा दिवसांत गप्प बसतातही. मात्र गप्प बसणे आणि रुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा विचार ना शाळेत होतो, ना घरात. घराबाहेरच्या जगाशी मुलाची जी पहिली मोठी ओळख होते, ती कशी घडवायची याची पद्धत ठरलेली नसेल, तर ती फाटकावरच्या कर्मचाऱ्याच्या स्वभावावर सोपविली जाते. शिक्षणासाठी राज्यभर नाव मिळविलेल्या या दोन शहरांत शिक्षणाच्या पहिल्या दिवसाबद्दल इतकी उदासीनता असावी, हा विरोधाभास म्हणावा लागेल.

निकालाची गावे

लातूरची ओळख 'लातूर पॅटर्न'ने झाली. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांत येथील विद्यार्थी झळकू लागले आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून पालक या शहराकडे वळले. पुढे गुणवत्ता याद्या बंद झाल्या, वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' आली. परंतु शहराचा ओघ आटला नाही. लातूरमधील शिकवण्यांचा परिसर 'ट्यूशन एरिया' या नावानेच ओळखला जातो. नांदेडमध्येही शिकवणी वर्गांच्या फलकांनी रस्त्यांच्या दोन्ही बाजू व्यापल्या आहेत. २०११च्या जनगणनेनुसार नांदेड-वाघाळा महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख, तर लातूर शहराची ३ लाख ८३ हजार होती. त्यानंतर दोन्ही शहरे चहूबाजूंनी वाढली आहेत आणि या वाढीत शिक्षणासाठी खेड्यांतून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे.

शहरात 'खोली करून राहणे' हा मराठवाड्यातील परिचित प्रकार आहे. वडील गावाकडे शेती पाहतात आणि आई मुलांना घेऊन शहरात भाड्याच्या खोलीत राहते. निर्णय होतो तो थोरल्याच्या अकरावीसाठी किंवा मधल्याच्या पाचवीसाठी. धाकटे लेकरू आपोआप सोबत येते. गावी त्याला आजी-आजोबा होते, चुलतभावंडे होती, अंगण होते, गोठ्यातले वासरू होते. शहरात दहा बाय बाराची खोली आणि दिवसभर कामात गुंतलेली एकटी आई. त्यातच तिसरे वर्ष लागले म्हणून नर्सरीत प्रवेश होतो. अवघ्या काही आठवड्यांत या मुलाचे अंगण जाते, आजी जाते, वडील आठवड्यातून एकदा दिसू लागतात आणि शेवटी सकाळचे तीन तास आईही जाते. फाटकाशी चाललेल्या त्या रडण्यात एवढे सगळे असते. शाळेच्या प्रवेश अर्जात मात्र नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि वडिलांचा व्यवसाय एवढेच रकाने असतात. मूल आतापर्यंत कोणाजवळ वाढले, कोणाच्या हातून जेवते, झोप आली की काय मागते, हे सहसा कोणी विचारत नाही.

परीक्षेची शर्यत वरच्या वर्गांतून खालच्या वर्गांत झिरपते, ही बाब नवी नाही. नर्सरीतच अक्षरे गिरवून घेणारी आणि गृहपाठ देणारी शाळा 'चांगली' ठरते. मग पहिले दोन-तीन आठवडे मुलांना रमविण्यात 'वाया' घालविणे संस्थेला परवडत नाही आणि पालकांनाही पटत नाही.

रडण्यामागचे शास्त्र

सवयीच्या माणसापासून दूर होताना लहान मूल रडते, याला मानसशास्त्रात वियोगाची चिंता म्हणतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात लहान मूल आणि त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यातील नात्याचे महत्त्व मांडले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी पुढे प्रत्यक्ष निरीक्षणांतून दाखवून दिले की, ज्या मुलाला आपले माणूस नक्की परत येणार याची खात्री असते, तेच मूल नवी जागा धिटाईने धुंडाळते. आईला चिकटणे म्हणजे लाडावणे, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

या संदर्भात इंग्लंडमधील रुग्णालयांचा इतिहास उद्बोधक आहे. पन्नासच्या दशकापर्यंत तेथे आजारी मुलांना भेटण्याची पालकांना फारशी मुभा नसे. 'आई आली की मूल रडते, गेली की शांत होते. तेव्हा न आलेलीच बरी' असा युक्तिवाद केला जाई. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचे चित्रीकरण केले. ती शांत नव्हती, हळूहळू मिटत चालली होती, हे त्या चित्रपटाने डॉक्टरांना दाखविले. १९५९च्या प्लॅट समितीच्या अहवालानंतर तेथील रुग्णालयांचे दरवाजे पालकांसाठी उघडू लागले. रुग्णालयांनी सोडून दिलेला तोच युक्तिवाद शिशुवर्गाच्या फाटकावर आजही ऐकायला मिळतो.

जर्मनीत ऐंशीच्या दशकात 'बर्लिन पद्धत' नावाने ओळखली जाणारी रीत पुढे आली. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत तासभर वर्गात बसतात. या काळात मुलाला अजिबात एकटे सोडले जात नाही. चौथ्या दिवशी पालक मुलाचा निरोप घेऊन काही मिनिटे बाहेर जातात. मूल शिक्षिकेच्या समजावण्याने शांत होते की नाही, हे पाहून पुढचा कालावधी ठरतो. काही मुलांना आठवडा पुरतो, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. वेळापत्रक मुलाच्या प्रतिसादावर ठरते, हे या पद्धतीचे सूत्र. तिला महागडी साधने लागत नाहीत. एक ठरलेली शिक्षिका आणि थोडा धीर एवढेच लागते.

अंगणवाडीचा विसरलेला अर्थ

हे सारे परदेशातील कौतुक, असे म्हणण्याचे कारण नाही. मुलाला जबरीने आणण्याऐवजी शाळेनेच मुलाच्या पायरीपर्यंत जावे, हा विचार महाराष्ट्रातच प्रत्यक्षात उतरला होता. गुजरातमधील भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाला महाराष्ट्रात घट्ट रुजविले. १९२६ मध्ये स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ ही या कामाची मुख्य संस्था. शहरी बालमंदिरांचा खर्च खेड्यांना झेपणारा नाही, हे ओळखून १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या.

गावात बालवाडी उघडली तरी गरीब वस्त्यांतील मुले तिथवर येत नव्हती. तेव्हा बालवाडीच त्या वस्त्यांत नेण्यात आली. घरासमोरच्या अंगणात, आयांच्या डोळ्यांसमोर मुलांना जमवून नखे कापणे, आंघोळ घालणे, गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. 'अंगणवाडी' हा शब्द या प्रयोगातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' निघाली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हा त्यामागचा विचार होता. आज रुळण्याच्या प्रक्रियेबद्दल जे सांगितले जाते, त्यातील बराचसा भाग या एका शब्दातच सामावलेला आहे.

कागदावरचे चार आठवडे

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोहोचले. आता महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. विस्ताराबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीनुसार देशात कोणत्या ना कोणत्या पूर्वप्राथमिक केंद्रात नाव असलेल्या तीन वर्षांच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६८.१ टक्के होते, ते २०२४ मध्ये ७७.४ टक्के झाले. महाराष्ट्र तर या वयोगटात जवळपास सर्व मुलांची नोंदणी असलेल्या राज्यांपैकी एक आहे. नोंदणी झाली, आता प्रश्न आहे तो नोंदलेले मूल तेथे रमण्याचा.

धोरणकर्त्यांना याचे भान नाही, असेही म्हणता येत नाही. २०१३च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणासोबतच्या गुणवत्ता निकषांत तीन ते सहा वयोगटासाठी वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, असे सुचविले आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला पायाभूत स्तर मानले. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये आणलेल्या 'आधारशिला' या अभ्यासक्रमात वर्षाचे ४८ आठवडे आखून दिले आहेत आणि त्यातील पहिले चार आठवडे केवळ मुलांना घरातून केंद्रात रुळविण्यासाठी राखून ठेवले आहेत. म्हणजे खासगी शाळेत ज्याला 'वाया गेलेला वेळ' समजले जाते, त्याला शासनाच्या अभ्यासक्रमात पूर्ण महिन्याचे स्थान आहे.

अडचण आहे ती हे चार आठवडे प्रत्यक्षात आणणाऱ्या हातांची. अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस. पूरक पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशीची धावपळ, गरोदर व स्तनदा मातांच्या गृहभेटी, 'पोषण ट्रॅकर'वर माहिती भरणे ही कामे तिचीच. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही सेविकांकडे आले. नव्याने आलेले लेकरू रडत असताना त्याला मांडीवर घेऊन अर्धा तास बसण्याची नोंद कोणत्याही ॲपमध्ये होत नाही. जे मोजले जात नाही ते मागे पडते, हा प्रशासनाचा नियम येथेही लागू पडतो.

सेविका हीच अंगणवाडीतील सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ती त्याच गावची, अनेकदा त्याच गल्लीतील; मुलाच्या आईला नावाने ओळखणारी. जर्मनीत जी ओळख आठवडाभर बसून घडवावी लागते, ती येथे आधीपासूनच असते. म्हणूनच तिची सेवा अस्थिर राहिली की मुलांची घडीही विस्कटते. मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन आदी मागण्यांसाठी राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी ४ डिसेंबर २०२३ पासून पुकारलेला संप ५२ दिवस चालला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्वाळा दिला होता, हे येथे लक्षात घ्यायला हवे. जूनमध्ये रुळलेल्या लेकरासाठी दोन महिन्यांचा खंड म्हणजे पुन्हा पहिला दिवस. कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती आणि मुलाचे रुळणे हे प्रश्न वेगळे नाहीत, ते असे.

शहरातील शिशुवर्ग

नांदेड-लातूरमधील मध्यमवर्गाने मात्र अंगणवाडीकडे पाठ फिरविली आहे. त्यांची मुले जातात ती प्ले ग्रुप, नर्सरी, ज्युनिअर आणि सीनिअर केजीत. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी असल्याने ही केंद्रे दीर्घकाळ कोणत्याच नियमांच्या चौकटीत नव्हती. बंगल्याच्या तळमजल्यावर किंवा व्यापारी संकुलातील दोन गाळ्यांत नर्सरी सुरू करता येई. २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना स्वतंत्र संकेतस्थळावर नोंदणी करण्यास सांगितले. केंद्रे किती, मुले किती, शिक्षिका किती याचा हिशेब त्यातून लागू शकेल. परंतु नोंदणी म्हणजे नियमन नव्हे.

आसाम, राजस्थान आणि नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात सुमारे १४ हजार मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ आणि असर सेंटर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. खासगी पूर्वप्राथमिक वर्ग म्हणजे पहिलीचाच खाली ओढलेला भाग झाला आहे, तर अंगणवाड्यांत शिकण्या-खेळण्याचा वाटा फार अपुरा आहे, असे चित्र त्यातून पुढे आले. दोन्हींचे दोष भिन्न, परिणाम एकच. मुलाला हवे असलेले खेळ, गप्पा आणि मायेचे माणूस यांना दोन्हीकडे कमी वेळ मिळतो.

फाटकाच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि राज्यभर संताप उसळला. त्यानंतर शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, सुरक्षा समित्या यांबाबत आदेश निघाले. ते आवश्यकच होते. पण कॅमेऱ्याइतकेच महत्त्वाचे असते ते मुलाचे बोलणे ऐकून घेणे. 'सगळीच रडतात' या एका वाक्याने प्रत्येक रडणे निकालात काढले, तर खरोखर काही बिघडले असेल तेव्हाही ते कळणार नाही. सुरुवातीचे रडणे आणि रुळलेल्या मुलाने अचानक शाळेला घाबरणे यात फरक आहे. हा फरक ओळखायचा, तर ते मूल एरवी कसे असते हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. पहिल्या आठवड्यात पालकांना वर्ग पाहू देणारी शाळा ही सुरक्षेचीही सोय करीत असते.

घरची भाषा, वर्गाची भाषा

नांदेड आणि लातूर हे सीमेवरचे जिल्हे. देगलूर, बिलोलीकडे तेलुगू आणि कन्नड कानावर पडते. उदगीर, देवणी, निलंगा भागात कन्नडशी जवळीक आहे. तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरच्या डोंगरी भागात गोंडी, शहरांतील अनेक वस्त्यांत दखनी उर्दू, तर नांदेडमध्ये गुरुद्वारा परिसरात पंजाबीही बोलली जाते. अशा घरांतून आलेल्या लेकरासमोर पहिल्याच दिवशी मराठी किंवा इंग्रजी उभी राहते. घरी मराठी असली तरी शाळेतली छापील मराठी आणि घरची बोली यांत अंतर असतेच.

तीन वर्षांच्या मुलाला वर्गात तीन-चार गोष्टी सांगता आल्या तरी पुरेसे असते. शू लागली, तहान लागली, दुखते आहे, आई हवी. यांपैकी काहीही इंग्रजीत सांगण्याची सक्ती झाली की मूल गप्प राहते, कपडे ओले होतात आणि वर्गात हसे होते. त्या लाजेपोटी दुसऱ्या दिवशी ते जायला तयार होत नाही. याला हट्ट म्हटले जाते. शिक्षिकेला मुलाच्या घरच्या भाषेतील हे दहा-बारा शब्द माहीत असले, तरी हा प्रसंग टळू शकतो. २०२०च्या धोरणात मातृभाषेवर दिलेला भर मोठ्या वादांचा विषय झाला आहे. त्याची सर्वांत साधी आणि तातडीची गरज मात्र शिशुवर्गातच आहे.

दिवाळीनंतर पुन्हा नव्याने

शहरातील फाटकापासून दूर, कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर या बालाघाटच्या पट्ट्यात रुळण्याचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. येथील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात कोपी करून राहायचे आणि हंगाम संपला की परतायचे. जूनमध्ये अंगणवाडीत आलेले लेकरू ऑगस्टपर्यंत रमते, गाणी म्हणू लागते आणि नोव्हेंबरमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून जाते. परत येते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो; सेविका तीच, पण लेकराला ती परकी वाटू लागते.

स्थलांतरित बालके आणि माता आहारापासून वंचित राहू नयेत म्हणून राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये स्थलांतराचा मागोवा घेणारी यंत्रणा आणली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र त्यातून मुलाचे नाव आणि आहार पुढच्या गावी पोहोचला, तरी त्याची ओळख पोहोचत नाही. परक्या गावच्या अंगणवाडीत हे मूल 'टोळीवाल्यांचे' म्हणून मागच्या रांगेत बसते. गावच्या सेविकेने मुलासोबत त्याच्या सवयींची, आवडत्या गाण्याची चार ओळींची चिठ्ठी दिली आणि तिकडच्या सेविकेने ती वाचली, एवढी साधी देवाणघेवाणही उपयोगी पडू शकते.

पहिलीला मेळावा, तिसऱ्या वर्षाला काय?

राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान राबविण्यात आले. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी गावोगावी मेळावे भरविणे, वेगवेगळ्या टेबलांवर खेळातून मुलांची तयारी पाहणे, मातांचे गट बांधून त्यांना घरी करायच्या कृती देणे, असे त्याचे स्वरूप. आयांना शाळेच्या आवारात बोलावून त्यांच्या हाती काम देणारा हा उपक्रम महत्त्वाचा ठरला, यात शंका नाही. पहिलीच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी 'विद्या प्रवेश' हा स्वतंत्र कार्यक्रमही आहे. सहाव्या वर्षी शाळेच्या उंबरठ्यावर उभ्या राहणाऱ्या मुलासाठी इतके केले जाते. त्याहून अधिक नाजूक अशा तिसऱ्या वर्षासाठी त्याच धर्तीवर काही करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

त्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. मे महिन्यातच मुलाला आई किंवा आजीसोबत एकदा शाळा दाखविता येईल. सर्व मुलांना एकाच दिवशी बोलाविण्याऐवजी पाच-सहा मुलांचे गट करून दोन-दोन दिवसांच्या अंतराने आणता येईल. पहिले तीन दिवस घरचे कोणी तरी वर्गात बसेल, पुढे ते अंतर वाढत जाईल. प्रत्येक मुलासाठी एक शिक्षिका ठरलेली असेल आणि पहिला महिना ती बदलली जाणार नाही. प्रवेश अर्जात मुलाच्या सवयींचे एक पान असेल. महापालिकेच्या शाळा, जिल्हा परिषदेच्या अंगणवाड्या आणि खासगी नर्सरी या तिन्ही ठिकाणी हे करता येण्यासारखे आहे. नोकरी करणाऱ्या पालकांना सुटी मिळत नाही, ही अडचण खरी. तेथे आजी, आजोबा, मामा, कोणतेही ओळखीचे माणूस चालते. मुलाला माहेर-सासरचा भेद नसतो.

घराच्या बाजूनेही काही सवयी बदलाव्या लागतील. 'ऐकले नाहीस तर शाळेत घालीन', 'बाई मारतील' अशी धमकी वर्षभर ऐकलेल्या मुलाकडून जूनमध्ये आनंदाने शाळेत जाण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. मुलाचे लक्ष नाही असे पाहून हळूच सटकणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महागात पडणारा उपाय. आपले माणूस न सांगता नाहीसे होते, हे एकदा कळले की मूल घरीही आईची पाठ सोडत नाही. 'डबा खाऊन झाला की मी फाटकाशी येते' असे त्याला समजेल अशा शब्दांत सांगून निरोप घ्यावा आणि दिलेली वेळ पाळावी. निरोप थोडक्यात घ्यावा, मात्र रोज सारखाच असावा. आईची ओढणी किंवा घरचे एखादे खेळणे दप्तरात राहू द्यावे. मोठ्या सुटीनंतर किंवा आजारपणानंतर मूल पुन्हा रडू लागले, तर ते बिघडले असे न मानता दोन दिवस पुन्हा सोबत बसावे. महिना-दीड महिना उलटूनही जेवण, झोप यांवर परिणाम दिसत असेल, तर शिक्षिकेशी आणि गरज पडल्यास बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

मुलासोबत आईलाही रुळावे लागते, हे सहसा बोलले जात नाही. गावाकडून येऊन शहरात एकटी राहणारी बाई फाटकाबाहेर उभी असते, तेव्हा तिलाही कोणी ओळखीचे नसते. शाळेने पहिल्या पंधरवड्यात पालकांना एकत्र बसविले, तर तिची चार आयांशी गाठ पडेल. बोर्डीच्या अंगणात ताराबाईंनी मुलांसोबत आयांनाही जमविले होते, त्यामागे हाच व्यवहार होता.

बारावीच्या निकालासाठी नांदेड आणि लातूरने वर्षानुवर्षे काय केले नाही? अभ्यासिका उभारल्या, वसतिगृहे बांधली, वेळापत्रके आखली, रात्रीचा दिवस केला. त्यातील एक शतांश काळजी जरी जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या वाट्याला आली, तरी या शहरांतील हजारो मुलांची शाळेशी पहिली ओळख धाकाने न होता विश्वासाने होईल. शाळांनी त्यासाठी आधी एक साधी गोष्ट करून पाहावी. पहिले काही दिवस फाटक उघडे ठेवावे आणि बाहेर उभ्या असलेल्या आईला आत बोलवावे.